पिंजऱ्यात सापडली ती कुणाची?

ऑक्टोबर १९८०. इन्व्हर्नेस शहराच्या नैऋत्येला डोंगरांत आत गेलं की ग्लेन ॲफ्रिकच्या दरीच्या तोंडाशी कॅनिक नावाचं लहानसं गाव लागतं. उत्तर स्कॉटलंडमधला हा भाग म्हणजे पाइनची राने, पाणथळ माळ, हरणं आणि मेंढ्या. तिथल्या एका शेतकऱ्याची जनावरं मारली जात होती. शिवारात मांजराच्या जातीचं काहीतरी मोठं फिरतंय, असं तो सांगत होता. कुणी विश्वास ठेवला, कुणी ठेवला नाही. शेवटी त्याने पिंजरा लावला आणि आमिष म्हणून आत मेंढीचं मुंडकं ठेवलं. एका सकाळी दार पडलेलं दिसलं, आणि आत बसली होती प्यूमाची मादी.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या वाचकाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. जनावर फस्त होणं, वस्तीवरची घबराट, कुणाचा विश्वास तर कुणाचा नाही, मग पिंजरा लावणं आणि एक दिवस ‘जेरबंद’ची बातमी. पण आपल्याकडे पिंजऱ्यात बिबट्या सापडतो तेव्हा तो कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो इथलाच असतो. उसात जन्मलेला, त्याची आईही उसातच जन्मलेली. प्यूमा हा अमेरिका खंडांतला प्राणी. कॅनडाच्या युकॉनपासून थेट अँडीज पर्वताच्या दक्षिण टोकापर्यंत तो सापडतो, पण अटलांटिकच्या अलीकडे त्याचं घर कधीच नव्हतं. पोहून तर तो येणार नाही. मग त्याला आणलं कुणी आणि सोडलं कुणी?

हा प्रश्न पुढचा. त्या सकाळी तातडीचा प्रश्न वेगळाच होता. हिला ठेवायचं कुठे?

स्पे नदीच्या खोऱ्यात, किंक्रेग गावाजवळ ‘हायलँड वाइल्डलाइफ पार्क’ नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. १९७२ साली सुरू झालेलं, त्या वेळी जेमतेम आठ वर्षांचं. स्कॉटलंडमध्ये आज असलेले आणि एके काळी असलेले प्राणी लोकांना दाखवायचे, ही त्यामागची कल्पना. लाल हरणं, रानमांजर, लांडगे, युरोपातला गवा. या कल्पनेत प्यूमा कुठेच बसत नाही. स्कॉटलंडच्या वर्तमानात तो नाही, इतिहासातही नाही. तरीही पार्कने तिला घेतलं, कारण जवळपास असा पिंजरा, असा अनुभव आणि अशी तयारी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. छोट्या प्राणिसंग्रहालयांच्या वाट्याला हे नेहमी येतं. मागणी त्यांनी केलेली नसते, जनावर त्यांच्या आराखड्यातलं नसतं, पण पोलिसांचा किंवा एखाद्या शेतकऱ्याचा फोन येतो आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय उरत नाही. ‘नाही’ म्हटलं तर उरते बंदूक.

पार्कचे संचालक होते एडी ऑरबेल. ही मादी रानटी वागत नाही, हे तिथल्या माणसांच्या ध्यानात आलं. रानातून धरलेलं मोठं मांजर पिंजऱ्यात काय करतं हे वनखात्याच्या कुठल्याही माणसाला विचारा. ते गजांवर झेपावतं, दात मोडून घेतं, कोपऱ्यात अंग चोरून फिस्कारतं, दिवसचे दिवस अन्नाला तोंड लावत नाही. ही बाई तशी नव्हती. माणूस जवळ आला की तिला बरं वाटायचं. गुदगुल्या केलेल्या तिला आवडायच्या. प्यूमाला वाघ-सिंहासारखी डरकाळी फोडता येत नाही, तो घरच्या मांजरासारखा घुरघुरतो. ऑरबेल यांचा निष्कर्ष सरळ होता. हे माणसाळलेलं जनावर आहे आणि मोकळं सुटून त्याला फार दिवस झालेले नसावेत. तिचं नाव ठेवण्यात आलं फेलिसिटी.

असं जनावर दारात आलं की त्याच्या अंगावरून त्याचं पूर्वायुष्य वाचावं लागतं. मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत विलक्षण काम हेच वाटतं. आधी सुळे पाहायचे. रानात शिकार करणाऱ्या, हाडं फोडणाऱ्या मांजराचे सुळे झिजतात, त्यांचे टवके उडतात. मग पंजे. सिमेंटच्या फरशीवर वाढलेल्या जनावराचे तळवे आणि खडकाळ डोंगरात फिरलेल्याचे तळवे सारखे नसतात. मग नखं. कुणी कापली आहेत का? मग कातडीवरच्या गोचिड्या, आतड्यातले जंत, पोटावर साचलेली चरबी. जनावर कुणी पिल्लापणापासून नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढवलं असेल, तर कॅल्शियमअभावी हाडं वाकडी होतात आणि क्ष-किरणांच्या फोटोत ते लगेच दिसतं. आणि सगळ्यात बोलकी असते विष्ठा. ती धुवायची, चाळायची, तिच्यातले केस वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. प्रत्येक जातीच्या केसावरच्या खवल्यांची नक्षी वेगळी, केसाच्या आतली पोकळी वेगळी. हरणाचा केस कुठला, सशाचा कुठला, मेंढीची लोकर कुठली, हे त्यावरून ओळखता येतं. गेल्या काही दिवसांत या जनावराने शिकार केली की कुणी ताटात वाढलेलं खाल्लं, हे ते स्वतःच सांगतं.

आज यात दोन गोष्टींची भर पडली आहे. मानेजवळ कातडीखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप आणि डीएनए. १९८० साली यातलं काही हाताशी नव्हतं. लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीझ यांना डीएनएवरून ओळख पटवण्याची वाट सापडली ती १९८४ मध्ये. त्यामुळे फेलिसिटी कुणाची, या प्रश्नाचं उत्तर फक्त तिच्या वागण्यात होतं, आणि वागण्यावर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं.

लोकांत मात्र दोन तट पडले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या रानांत मोठी मांजरं मोकळी फिरतात असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्यांना पुरावाच मिळाला. दुसऱ्यांना शंका आली की ही मादी कुणीतरी मुद्दाम आणून सोडली असावी. एवढ्या माणसाळलेल्या जनावराने खरंच मेंढ्या मारल्या असतील का? या वादात दोन्हीकडच्यांनी फेलिसिटीकडे पुरावा म्हणून पाहिलं. माझ्या लेखी खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. गुदगुल्या करून घेणारं प्यूमाचं पिल्लू आपोआप तयार होत नाही. कुणीतरी ते डोळे उघडले-न उघडले तोच आईपासून काढून घेतलं, बाटलीने दूध पाजलं, मांडीवर खेळवलं, माणूस म्हणजे अन्न आणि माया हे त्याच्या मेंदूत पक्कं बसवलं. आणि मग एक दिवस हायलँडच्या थंडीत सोडून दिलं. सोडणाऱ्याने स्वतःची समजूत ‘मोकळं केलं’ अशी घातली असेल. शिकार न शिकलेल्या जनावराला मोकळं करणं म्हणजे त्याला उपाशी टाकणं. मेंढीच्या मुंडक्याच्या वासाने ती पिंजऱ्यात गेली यात नवल नाही. तिच्या लेखी पिंजरा ही जेवणाची जागा होती.

तो काळ समजून घेतल्याशिवाय फेलिसिटी समजणार नाही. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये कुणालाही सिंह विकत घेता येत होता. लंडनच्या हॅरॉड्स या आलिशान दुकानात प्राण्यांचा वेगळा विभाग होता. १९६९ साली जॉन रेंडल आणि एस बर्क या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तिथून सिंहाचा एक बच्चा २५० गिनींना घेतला आणि त्याचं नाव ख्रिश्चन ठेवलं. चेल्सीतल्या किंग्ज रोडवरच्या फर्निचरच्या दुकानात तो राहायचा आणि जवळच्या चर्चच्या दफनभूमीच्या आवारात त्याला पळायला नेत. वर्षभरात तो दुकानात मावेना. त्याचं नशीब थोर, की ‘बॉर्न फ्री’च्या कहाणीतले जॉर्ज ॲडमसन भेटले आणि ख्रिश्चन केनियात गेला. दुरावलेला सिंह दोन मित्रांच्या गळ्यात पडतो ती चित्रफीत पुढे इंटरनेटवर जगभर पाहिली गेली. ती पाहताना माझेही डोळे भरून आले होते. पण त्या काळात विकल्या गेलेल्या बाकीच्या बच्च्यांना कुणी ॲडमसन भेटले नाहीत. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ख्रिश्चनचा जन्म जंगलात झाला नव्हता. डेव्हन परगण्यातल्या इल्फ्राकूम गावच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात तो जन्मला आणि तिथून दुकानात आला. म्हणजे आज सुटलेली मांजरं सांभाळणारी छोटी प्राणिसंग्रहालयं एके काळी ती मांजरं बाजारात पुरवणारीही होती. त्यांच्या आजच्या सेवेचं मोल यामुळे कमी होत नाही, पण हिशेब पूर्ण मांडायचा तर ही नोंद हवीच.

१९७६ मध्ये ब्रिटिश संसदेने धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा केला. आता प्यूमा, बिबट्या, सिंह पाळायचा तर स्थानिक कौन्सिलचा परवाना हवा, पशुवैद्याकडून जागेची तपासणी हवी, कुणाला इजा झाल्यास भरपाईसाठी विमा हवा. कायदा चांगलाच होता, फक्त त्यात एक मोठी फट राहिली. परवाना न परवडणाऱ्याने जनावराचं काय करायचं, याची सोय कुणी केली नव्हती. प्राणिसंग्रहालयं आधीच भरलेली होती. उरले दोनच मार्ग. पशुवैद्याकडून इंजेक्शन देऊन मारणं, नाहीतर गाडीत घालून रात्री डोंगरात सोडणं. आणि परदेशी जनावर रानात सोडणं तेव्हा गुन्हा नव्हता. तो गुन्हा ठरला १९८१च्या कायद्याने. त्या काळी मोठी मांजरं पाळणाऱ्या एका गृहस्थाने पुढे स्वतःहून सांगितलं की त्याने सत्तरच्या दशकात एक काळा बिबट्या आणि एक प्यूमा उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगरांत सोडले होते. १९७६ ते १९८१ या पाच वर्षांच्या फटीतच फेलिसिटी सापडली. तिच्याबाबतीतही असंच घडलं असावं, हा माझा तर्क आहे, आणि तारखा त्याला धरून आहेत.

अफवांना मात्र तारखा लागत नाहीत. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन माळावर एक ‘श्वापद’ फिरतं अशी बोलवा नव्वदच्या दशकात इतकी वाढली की कृषी मंत्रालयाने माणसं पाठवून चौकशी केली. १९९५च्या अहवालात निष्कर्ष आला की मोठ्या मांजराचा पडताळता येण्याजोगा पुरावा सापडला नाही. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या फॉय नदीत एका मुलाला मोठी कवटी सापडली. सुळे शाबूत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ती नेली. कवटी बिबट्याचीच निघाली, तरुण नराची. पण मागची बाजू कापलेली होती, बिबट्याचं कातडं तोंडासकट गालिचा म्हणून तयार करताना कापतात तशी. आणि कवटीच्या आत झुरळाच्या अंड्यांची कुपी चिकटलेली होती. ती जात उष्ण कटिबंधातली, ब्रिटनच्या हवेत रानात न जगणारी. म्हणजे तो बिबट्या परदेशातच मेला होता आणि दिवाणखान्यातली सजावट होऊन इंग्लंडात आला होता. एवढीशी कुपी, पण तिने आख्ख्या माळावरची वावडी खाली उतरवली.

फेलिसिटीच्या बाबतीत असं काही उतरवता येत नव्हतं. ती खरी होती, खात होती, घुरघुरत होती. आणि तिला रोज सांभाळायचं होतं.

रोज म्हणजे काय? मोठ्या मांजराच्या पिंजऱ्याला दोन दारं लागतात, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत एक बंद खोली लागते, म्हणजे जनावर तिथे कोंडून बाहेरचा भाग साफ करता येतो. वर छत हवं, कारण प्यूमा चढण्यात पटाईत असतो. रोजचं ताजं मांस हवं, तेही हाडासकट आणि कातडीसकट. आठवड्यातून एखादा दिवस उपास, कारण रानात रोज शिकार मिळत नाही. मोठी झाडं, उंच फळ्या, लपायला आडोसा हवा. नाहीतर जनावर गजांच्या कडेने येरझाऱ्या घालायला लागतं, तोच रस्ता, तेच वळण, तासन् तास. ही सवय एकदा लागली की सहसा सुटत नाही. शिवाय हाताळलेल्या जनावराची एक वेगळीच अडचण असते. त्याला माणसाची सोबत लागते, आणि स्वतःच्या जातीच्या जनावराशी कसं वागायचं ते त्याला ठाऊक नसतं. रानात सोडता येत नाही, जोडीला देता येत नाही. म्हणजे राखणाऱ्यालाच त्याचा सोबती व्हावं लागतं. फेलिसिटी तिथे १९८५ मध्ये मरेपर्यंत राहिली. तिचं पेंढा भरलेलं शरीर इन्व्हर्नेसच्या म्युझियममध्ये लोकांनी पाहिलं. स्कॉटलंडच्या त्या भागात कुणाला ‘मोठी मांजरं’ म्हटलं की आजही पहिल्यांदा तिचंच नाव आठवतं.

१९८६ मध्ये हा पार्क रॉयल झूलॉजिकल सोसायटी ऑफ स्कॉटलंडकडे, म्हणजे एडिनबरा प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेकडे गेला. जागा ऐसपैस होती, हवा थंड, म्हणून पुढे थंड प्रदेशातली जनावरं इथे येऊ लागली. २००९ मध्ये एडिनबराहून मर्सिडीज नावाची ध्रुवीय अस्वलाची मादी आली. तिचीही कहाणी याच जातकुळीतली. कॅनडातल्या चर्चिल गावात ती अन्नाच्या शोधात पुन्हा पुन्हा शिरायची म्हणून तिला गोळी घालायचं ठरलं होतं. १९८४ मध्ये तिला एडिनबराला जागा मिळाली म्हणून ती वाचली. आयुष्याची शेवटची दीडेक वर्षं तिला किंक्रेगच्या माळावर मोकळी जमीन मिळाली. या पार्कच्या इतिहासात अशी नकोशी झालेली, धरलेली, कुणाच्या तरी अंगणातून हुसकलेली जनावरं पुन्हा पुन्हा येतात. कुठे तरी दार उघडं असावं लागतं.

पण छोट्या प्राणिसंग्रहालयाचं दार उघडं असतं तसं ते कमकुवतही असू शकतं. १८ सप्टेंबर २०१९ रोजी उत्तर फ्रान्समधल्या आर्मांतिएर गावात लोकांना इमारतीच्या वरच्या मजल्यावर, पन्हळीच्या कडेने एक काळा बिबट्या चालताना दिसला. खिडकीतून बाहेर पडला होता. अग्निशमन दलाने रस्ता बंद केला, पशुवैद्याने भुलीचं इंजेक्शन मारलं आणि जनावर पिंजऱ्यात आलं. ते अवघ्या काही महिन्यांचं पिल्लू होतं, फ्लॅटमध्ये पाळलेलं, नखं कापलेली. त्याला ठेवायचं कुठे हा प्रश्न तिथेही आलाच. बेल्जियमच्या सीमेजवळ मोबेज नावाचं गाव आहे. तिथे वोबानने बांधलेल्या जुन्या किल्ल्याच्या तटबंदीत नगरपालिकेचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे. बिबट्या तिथे गेला, कायमची व्यवस्था होईपर्यंत. आणि आठवडा उलटायच्या आत, रात्रीतून, तो चोरीला गेला. चोरांनी दुसऱ्या कुठल्या जनावराला हात लावला नाही. नेमका तोच उचलला. जिवंत बिबट्या पिंजऱ्यातून उचलून नेणारी माणसं असू शकतात, याची कल्पना कुठल्या नगरपालिकेने करायची? आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावच्या प्राणिसंग्रहालयाच्या जागी मोबेज ठेवून पाहा. रात्रीचे दोन रखवालदार आणि तारेचं कुंपण. तस्करांच्या पैशापुढे ते कितीसं टिकणार?

आपला उल्लेख इथे ओघाने आला. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे, तरी दोन ठिकाणी तो या गोष्टीला येऊन मिळतो. एक जुन्नरला. धरलेल्या बिबट्यांचं करायचं काय, हा प्रश्न तिथे गेली पंचवीस वर्षं आहे. २००१ ते २००३ या काळात धरलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की जिथे बिबटे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. परक्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. मग माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्रात कायमचे राहणारे बिबटे वाढत गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांना मी मनापासून मानतो. पण त्या बिबट्यांचं घर निदान केंद्राच्या कुंपणापलीकडेच आहे. परदेशी जनावराच्या बाबतीत कुंपणापलीकडे घर नसतंच.

दुसरं ठिकाण पश्चिम बंगालमध्ये. एप्रिल २०२२ मध्ये जलपाईगुडी जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला कांगारू सापडले. तस्कर बहुधा सोडून पळाले होते. ते सिलिगुडीच्या बंगाल सफारी पार्कमध्ये नेण्यात आले, ऑस्ट्रेलियाचे प्राणी हिमालयाच्या पायथ्याशी. आपला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मुख्यतः इथल्या जनावरांसाठी लिहिलेला होता. परदेशी जनावर एकदा देशात आलं की ते कुणाकडे आहे हे विचारणारं कुणी नव्हतं. २०२०च्या जूनमध्ये केंद्राने स्वतःहून माहिती देणाऱ्यांसाठी सवलतीची मुदत दिली. २०२२च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातल्या संरक्षित जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणल्या, आणि २०२४च्या नियमांनी अशी जिवंत जनावरं बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. ब्रिटनच्या १९७६ची फट इथे राहू नये असं मला फार वाटतं. नोंदणी करून घ्यायची आणि न झेपणाऱ्याने जनावर कुठे द्यायचं हे सांगायचंच नाही, असं झालं तर आपलेही डोंगर भरतील. इगुआना, अजगर, मकाव यांचा बाजार मुंबई-पुण्यात केवढा आहे, हे बाजारात हिंडणाऱ्याला सांगायला नको.

आता पुन्हा किंक्रेग. २०२५च्या जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, त्याच पार्कपासून अवघ्या काही मैलांवर, किंगुसी गावाजवळच्या रानात दोन लिंक्स दिसल्या. लिंक्स म्हणजे कानावर काळे झुबके असलेलं, आखूड शेपटीचं, मोठ्या पंजांचं मांजर. स्कॉटलंडमधून ते मध्ययुगातच नाहीसं झालं. कुणीतरी बेकायदा सोडलेल्या, हे उघड होतं. पार्कच्या माणसांनी पोलिसांबरोबर सापळे लावले आणि ९ जानेवारीच्या संध्याकाळी दोन्ही सापडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं, अजून दोन आहेत. त्याही त्या दिवशी संध्याकाळी धरल्या. त्या चारपैकी एक धरल्यानंतर लवकरच मेली. बाकीच्या आधी पार्कच्या विलगीकरणात आणि मग एडिनबराला गेल्या.

जिथे त्या दिसल्या तिथे कुणीतरी गवताचं अंथरूण टाकलेलं सापडलं. त्यात कोंबडीची मेलेली पिल्लं होती आणि साळिंदराचे काटे. पिल्लांचा अर्थ कळतो, वाटेची शिदोरी म्हणून ठेवली असतील. पण साळिंदर स्कॉटलंडच्या रानात नसतं. ज्या जागेवरून ते गवत उचललं तिथे साळिंदरही पाळलेलं असावं, असा माग ते काटे देतात. फेलिसिटीच्या काळात गुदगुल्या साक्षीला होत्या, आता काटे. सोडणाऱ्याने थंडीत जनावर गारठू नये म्हणून अंथरूण घातलं, खायला ठेवलं. त्याच्या मनात क्रौर्य नसावं. मला हेच जास्त दुखतं. प्रेमाने अंथरूण घालून गेलेल्या माणसाच्या हातून एक लिंक्स मेली.

यावर सर्वांत जास्त संतापले ते लिंक्स परत आणायला निघालेले लोक. स्कॉटलंडमध्ये लिंक्सचं पुनर्वसन व्हावं म्हणून काही संस्था वर्षानुवर्षं काम करताहेत. मेंढपाळांशी बैठका, हरणांची गणती, नुकसानभरपाईच्या योजना. मेंढपाळांच्या मनात मुळातच धास्ती आहे. एका रात्रीच्या उद्योगाने ती किती वाढली असेल!

आणि हे सगळं कुठे घडत होतं? ज्या पार्कमध्ये स्कॉटिश रानमांजराला परत रानात सोडण्याची तयारी चालते, त्याच्या उंबऱ्यावर. तिथल्या प्रजनन केंद्राला पर्यटक भेट देऊ शकत नाहीत. पिल्लांना माणूस शक्यतो दिसू नये म्हणून त्यांच्यावर कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवतात. सोडण्याआधी मोठ्या कुंपणात त्यांना रान ओळखू देतात. सरकारी परवाना लागतो, गळ्यात जीपीएसची पट्टी लागते, सोडल्यानंतर महिनोन् महिने माग काढावा लागतो. २०२३च्या उन्हाळ्यात अशी पहिली १९ रानमांजरं केर्नगॉर्म डोंगरांत सोडली गेली आणि पुढच्या वर्षी त्यांना रानातच पिल्लं झाली. फेलिसिटीला माणसाचे हात हवेसे वाटत होते. या मांजरांना माणूस दिसला की पळायचं, एवढंच शिकवलेलं. जनावर रानात टिकवायचं तर एवढं सगळं लागतं. आणि ते करणारीच माणसं त्या जानेवारीत सगळं बाजूला ठेवून, बर्फात सापळे लावत रात्री जागवत होती.

विलगीकरण संपून हिवाळा सरल्यावर वाचलेल्या लिंक्स किंक्रेगला राहायला आल्या. फेलिसिटी जिथे राहिली, त्याच पार्कमध्ये. नीट देखभाल झाली तर लिंक्स बंदिवासात वीस वर्षांपर्यंत जगू शकते. म्हणजे २०४०च्या पुढेही कुणीतरी रोज सकाळी त्यांचं मांस तोलून देईल, आतल्या खोलीचं दार लावून बाहेरचं कुंपण तपासेल, वर्षाकाठी रक्त काढून तपासायला पाठवेल. त्याचा खर्च सोडणाऱ्याकडून वसूल करायचा तर आधी तो सापडला पाहिजे. तोवर हा खर्च तिकीट काढून पार्क पाहायला येणाऱ्यांच्या खिशातून जातो आहे.